खतखत्याची तिहाई

मी सतरा वर्षांची होते तेव्हा जगात दोनच माणसं होती. एक मी आणि दुसरा आमच्या कथकच्या क्लासातला तो. बाकीचे सगळे, म्हणजे आई, बाबा, आत्ये, बारावीचे सर, डिचोलीच्या बसस्टँडवरचा चणेवाला, हे लोक केवळ आमच्या मधे मधे करायला जन्माला आले आहेत अशी माझी पक्की खात्री होती. आता अठ्ठाविसाव्या वर्षी मी जरा शहाणी झाले आहे. निदान चणेवाल्याला तरी मी माफ केलं आहे.

क्लास डिचोलीत एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत भरायचा, शनिवार-रविवारी सकाळी. आम्ही सात मुली होतो. अकरावीत असताना तो आला आणि आठवा झाला. घरचे मूळ सिंधुदुर्गातले, तेरेखोल नदीच्या पलीकडच्या काठावरचे. वडील खाणीवर टिपर चालवत, आई लग्नामुंजीत रांधपाला जाई. इकडे येण्याआधी तीन वर्षं तो सावंतवाडीला कथक शिकला होता. तो येईपर्यंत क्लासात पहिला नंबर माझा होता. पहिल्याच दिवशी बाईंनी त्याला चक्री घ्यायला सांगितल्या. त्याने सलग सत्तावीस घेतल्या आणि ज्या फरशीवरून निघाला त्याच फरशीवर येऊन उभा राहिला. मी नवव्या चक्रीला भिंत शोधायची. मी त्याच क्षणी त्याचा द्वेष करायचं ठरवलं आणि दोन महिने तो अगदी मन लावून केला.

मग एका रविवारी क्लास लांबला आणि त्याने डबा उघडला. काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि सकाळी सायकलवरून पाव विकत फिरतो त्या पदेराकडचे चार पाव. त्याने डबा सगळ्यांपुढे फिरवला. माझ्यापुढे आल्यावर मी नको म्हणणार होते, पण वास नाकात शिरला होता. एक घास खाल्ला आणि माझ्या रागाचं पाणी झालं. दुसऱ्या घासाला तर मला त्याचे कानसुद्धा सुंदर वाटायला लागले, आणि त्याचे कान खरं सांगायचं तर बरेच मोठे आहेत.

"तुझी आई मस्त करते हां," मी म्हटलं.

"आवस खय करता?" तो म्हणाला. "ती पाचाक भायर पडता. मीच केलंय. आणखी होया काय गो तुका?"

आता आमच्याकडे सगळेच सगळ्या बायकांना 'गो' म्हणतात. मासेवालीला म्हणतात, म्हशीलाही म्हणतात. पण त्या दिवशी त्याचा 'गो' ऐकून मी बसमधे जनेलापाशी बाहेर बघत बसले ती हसतच बसले, आणि आमचा थांबा मागे गेला तरी मला कळलं नाही. पुढच्या गावाहून चालत घरी आले. पाय दुखत होते आणि मी पावलांनी ता थेई थेई तत्, असा तत्कार करत चालले होते. त्यानंतर तो थांबा माझा तीनदा चुकला. कंडक्टर शेवटी दोन थांबे आधीपासूनच माझ्या नावाने ओरडायला लागला.

प्रेमबीम असं काही आम्ही एकमेकांना म्हटलं नव्हतं. बोलणं सगळं नाचाचं नाहीतर खाण्याचं. त्याने विचारायचं, सम कुठे चुकली. मी विचारायचं, सांबाऱ्याला वाटप कसलं. घरी येऊन मी त्याचे सगळे मेसेज पुन्हा वाचायची. 'खोबरा जरा जास्त भाज' हे वाक्य मी निदान पन्नास वेळा वाचलं असेल.

बाईंनी गणेश चवथीनंतर फोंड्याला होणाऱ्या स्पर्धेसाठी युगल नृत्य बसवायचं ठरवलं आणि आम्हा दोघांना उभं केलं. मी आनंदाने अग्रशाळेच्या पायऱ्या एकदम तीन तीन उतरले. पण उतरता उतरता तो म्हणाला, "माजा ह्या शेवटचा हां." बारावी झाली की लायसन काढायचं आणि वडिलांच्या जागी टिपरवर बसायचं असं त्याच्या घरी ठरून गेलं होतं. फोंड्याला काही चांगलं झालं तर तो वडिलांशी बोलणार होता. म्हणजे फोंडा झालाच पाहिजे होता. आणि मी नसले तर युगल कसलं?

आणि माझ्या घरी आत्ये होती.

आत्ये म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवलं, बाबांना तिनेच वाढवलं. घरात शेवटचा शब्द तिचा. तरुणपणी गावच्या फुगडीत ती पुढे असायची. तिची फुगडी बघायला शेजारच्या आमोण्याहून बायका यायच्या असं अजून म्हाताऱ्या सांगतात. आता गुडघे गेले होते. कथकला ती 'पांयांनी भांडप' म्हणायची. माझ्या आईचं माहेर पेडण्याचं, आणि पेडण्याच्या लोकांना चवथीचं रांधप जमत नाही हे आत्येचं लाडकं मत. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी चवथीला आईच्या वाट्याला फक्त नारळ खवणं आणि भाज्या चिरणं. आई कचेरीत चार माणसांवर साहेब होती आणि घरात चवथीला तिला डाव धरायची परवानगी नव्हती.

बाबांनी जेवताना हळूच फोंड्याचा विषय काढला. सोबत नाचणारा मुलगा आहे हेही सांगितलं, कारण आत्येपासून बाबांना काही लपवता येत नाही.

आत्येने घास खाली ठेवला. "नाचतली? आनी उद्यां हिच्या दारांत पंगत बसली तर वाडतली कितें, घुंगरां?"

"रांधीनही," मी म्हटलं. तोंड माझं पहिल्यापासूनच पायांच्या पुढे धावतं.

"बरें," आत्ये म्हणाली. "चवथीच्या तिसऱ्या दिसाचें खतखतें तूं कर. एकलें. बरें जालें तर फोंड्याक वच. ना जालें तर घुंगरां माळ्यार."

आमचा गणपती पाच दिवसांचा. पहिले दोन दिवस आत्ये कुणालाही चुलीजवळ फिरकू देत नाही, म्हणून तिसरा दिवस. खतखतं म्हणजे कंदमुळं आणि भाज्यांची मिसळ, नारळाच्या वाटपातली, तिरफळाच्या वासाची. गोव्यात चवथीला ते ज्या घरी नाही ते घर नाही. कठीण असं त्यात काही नाही, पण प्रत्येक भाजी आपापल्या वेळेला पडली पाहिजे. आधी पडली तर पीठ, उशिरा पडली तर लाकूड. मी आत्येला सांगितलं की आई मला शिकवेल. आईला महिनाअखेरीची कामं होती. मी त्याला फोन लावला.

त्याने सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं. मग मी म्हटलं की स्वयंपाकघरात सोवळं असतं, न्हाऊन धुवट नेसून आत जायचं, तिथे वही चालत नाही, फोन तर उंबऱ्याबाहेर. आणि नैवेद्याचं म्हणजे चाखायचंही नाही. देवाला दाखवेपर्यंत जिभेवर थेंब नाही, वासही मुद्दाम घ्यायचा नाही. 

"मगे पाठ कर," तो म्हणाला. "थांब, तोडो बांदतंय."

दुसऱ्या दिवशी त्याने मला खतखत्याचा तोडा पाठवला, म्हणजे नाचात म्हणतात तशी बोलांची बांधणी. तीनतालात. सुरण कणंग धा, केळं नीरफणस धा. मुळा शेंगा दोडकं, डाळ वाटप धा. सोलं, गूळ, तिरफळ, आणि शेवटी मीठ-धा. ज्या ओळीला जी भाजी त्या ओळीला ती टाकायची, मधे किती आवर्तनं थांबायचं तेही बांधून दिलेलं. आज हा विषय निघाला की तो म्हणतो तोड्यात सहा भाज्या होत्या, मी म्हणते सात, आणि त्याच्या हातातलं वाटप करपेपर्यंत आम्ही भांडतो. तो टिपर चालवत नाही एवढं यातून तुमच्या लक्षात आलंच असेल.

आठवडाभर मी तो तोडा म्हणत होते. बसमधे, न्हाणीघरात, बारावीच्या चाचणीतसुद्धा. 'तिरफळ' म्हणताना गिरकी घ्यावीशी वाटायची. स्वयंपाक इतका मजेचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन, आत्येचं धुवट लुगडं कसंबसं गुंडाळून आत गेले. एकटी. मोठं पातेलं, खाली विस्तव, आणि मी. तोडा हळू आवाजात सुरू केला. सुरण पडला, कणंग पडलं. आवर्तनं मोजली. केळं पडलं, नीरफणस पडला. सगळं सुरेख चाललं होतं. भाज्या आपापल्या जागी, पाय आपोआप जमिनीवर, डावाचा ठेका पातेल्याच्या काठावर. त्या दिवशी आमच्या क्लासातली सगळी मंडळी दर्शनाला आणि जेवायला यायची होती, म्हणजे तोही. ते आठवलं की लय आपोआप वाढायची. वाटप गेलं. सोलं, गूळ गेले. तिरफळं ठेचून घातली. मी आनंदाने इतकी भरून आले होते की शेवटाला आले तेव्हा काय केलं ते मला तेव्हा कळलंच नाही.

कथक शिकलेल्या माणसाला तोडा नुसता संपवता येत नाही. शेवटचा तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याच्या टोकाला समेवर यायचं, ती तिहाई. हे डोक्यात नसतं, हाडात असतं. मीठ-धा. मीठ-धा. मीठ-धा! आणि दर खेपेला हात मिठाच्या बरणीत जाऊन एक भरलेली कुलेर, म्हणजे मोठा चमचा, पातेल्यात. समेवर मी अशी काही झोकात आले की झाकण हातातून पडलं.

चाखायचं नव्हतंच. बाबांनी नैवेद्य दाखवला.

पंगत बसली. वसरीवर केळीची पानं. एका बाजूला बाबा, आई आणि आत्ये, समोर क्लासातल्या सहा जणी आणि तो. मी वाढत होते. त्याच्या पानात खतखतं वाढताना माझं लक्ष पानावर नव्हतं आणि एक शेंग बाहेर पडली. त्याने ती उचलून पानात घेतली. बस, तेवढ्यावर मी पुढची चार पानं तरंगत वाढली.

आत्येने पहिला घास घेतला. ती थांबली. डोळे मिटले. मग पाण्याचा तांब्या उचलला आणि निम्मा रिकामा केला. बाबांनी घास घेतला आणि न विचारताच पानावर आणखी भात ओढला. माझ्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. नैवेद्याला नावं ठेवायची नाहीत आणि पानात टाकायचं नाही, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे कुणी काही बोललं नाही. दहा माणसं मान खाली घालून मन लावून जेवत होती आणि पाणी, भात, पाणी, भात असं चाललं होतं. मी पातेल्यातल्या डावाला बोट लावून जिभेवर टेकवलं. नुसतं मीठ!

आत्ये जन्मभर दुसऱ्याच्या रांधपात खोट काढत आली होती आणि आज देवाने तिचं तोंड बांधलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, अगदी मऊ आवाजात, "कोणें शिकयलें गो तुका हें?"

 आई शिकवेल असं मीच सांगितलं होतं. आत्येने मान हळूहळू आईकडे वळवली.

"हय," ती म्हणाली. "पेडण्याची रीत."

 आई कोरडा भात खात राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला रडू यायला लागलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात समोरून आवाज आला.

"काकी, मी शिकयलंय तिका." तो मान वर करून आत्येकडे बघत होता. "फोनवर. मीठ मीच चुकीचा सांगलंय. तिची चूक नाय."

आता कुणीही शहाणी मुलगी इथे गप्प बसली असती. पण तो माझ्यासाठी खोटं बोलला, आणि त्याच्या तोड्यात चूक होती असं कुणी म्हटलेलं मला सहन होत नाही, तो स्वतः म्हणाला तरी.

"फट मारता तो!" मी डावासकट ओरडले. "ताणें मीठ एकदांच सांगिल्लें. तीनदां हांवें घातलें!"

"गो, गप रव," तो म्हणाला. "तोडोच वायट बांदलंय मी."

"तोडो बरो आशिल्लो! तुज्या तोड्याक नांवां दवरूं नाका!"

"अगो, पण शेवटाक मीठ ठेवूकच नाय होया होता. शेवटाक आसला की तिहाई येताच!"

"येतली तर! हांव नाचतां, म्हाका कळना?"

मग एकदम दोघेही थांबलो. मखराच्या बाजूला समईची वात चरचरली. मैत्रिणी आपापल्या पानात डोकं खुपसून होत्या, दोघींचे खांदे हलत होते. बाबांचा घास हवेत होता. आम्ही दोघं काय आहोत हे आम्हाला सोडून सगळ्यांना आत्ताच कळलं होतं, आणि एका श्वासानंतर आम्हालाही कळलं.

"मिठाचें," आत्ये सावकाश म्हणाली, "कोणें कितें म्हणलें? हांवें तर ना."

बाबांना जोराचा ठसका लागला. हसू दाबताना त्यांना नेहमी तो लागतो.

सगळे गेल्यावर संध्याकाळी आत्येने मला बोलावलं. तिने खुर्ची मखरासमोर ओढून घेतली होती. मी घुंगरं हातात घेऊनच गेले. माळ्याची शिडी मला दिसत होती. फोंडा गेला, त्याचं वडिलांशी बोलणं गेलं, तो जाऊन टिपरवर बसणार, आणि हे सगळं माझ्या तीन कुलेर मिठामुळे. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले.

"खतखतें मोडलें," आत्ये म्हणाली.

"हय."

"तो भुरगो तुज्यासाठीं फट उलयलो. आनी तूं ताज्यासाठीं खरें उलयलें." ती थांबली. ओठ आवळून काहीतरी आत दाबत होती आणि ते काही केल्या दबत नव्हतं. शेवटी ती हसली. माझ्या आठवणीत आत्ये इतकी कधी हसली नव्हती. चष्मा काढून पदराने डोळे पुसले. "तीनदां घातलें गो! तीनदां!"

मी पण हसायला लागले. भीती आणि हसू एकदम आलं की माणूस उचक्या देतो, तशा मी दिल्या.

"फोंड्याक वच," ती म्हणाली. "पूण तयारी हांगा. वसरीर. म्हज्या मुखार." मग स्वयंपाकघराच्या दाराकडे न बघताच, जरा मोठ्याने, "आनी फाल्यां रांधप तूं कर गो. तुज्या रितीन."

दारामागे भांडं पडलं. आई तिथे होती, आणि उद्याचा डाव तिच्या हातात आला होता. तिने ते उचललं नाही, नुसती उभी राहिली. मी जाऊन तिला मिठी मारली. ती माझ्या केसांत तोंड खुपसून म्हणाली की मिठाची बरणी आधी लपवून ठेवते.

गणपती पोचवून झाल्यावर आमची तयारी सुरू झाली. तो पहिल्या दिवशी पांढरा शर्ट घालून आला, दारात आत्येच्या पाया पडला, बाबांच्या पडला, आणि घाईघाईत माझ्याही पायाकडे वाकणार होता, तेवढ्यात मी मागे सरले. आत्ये खुर्चीत वालीच्या शेंगा मोडत बसली. बाबांनी वर्तमानपत्र धरलं, ते पान त्यांनी तासभर उलटलं नाही. आई दारात टेकली. शेजारची काकी साखर मागायला आली आणि साखर घेऊन तिथेच बसली.

अशा पंगतीसमोर कुणाला नाचायला येईल? आम्ही दोघांच्या मधे एक बैलगाडी जाईल एवढी जागा ठेवली. हात पुढे, डोळे जमिनीवर. राधेने कृष्णाला बघायचं तिथे मी उंबरा बघितला. कृष्णाने राधेला बघायचं तिथे त्याने पंखा बघितला. पाय बिनचूक पडत होते आणि नाच म्हणाल तर अगदी मिळमिळीत.

"रावात!" आत्येने शेंगांचं सूप खाली आपटलं. "सकयल कितें पळयतात? सुंगटां सांडल्यांत?"

आम्ही थांबलो. कोळंबी काही कुठे सांडली नव्हती.

"फुगडी घालताना मुखावेल्याच्या तोंडाक पळेलें ना तर घुंवळ येता. घेरी येवन पडटात चलयो. इतलेंय कळना तुमकां?" ती काठीला धरून उठली, गुडघे धरत आमच्या मधल्या बैलगाडीच्या जागेत येऊन उभी राहिली, त्याचा खांदा धरून इकडे ढकलला, माझा तिकडे. "लागीं रावात. आनी एकामेकांक पळयात. सगळ्यां मुखार पळयात."

समोरच्याकडे बघितलं नाही तर घेरी येते, म्हणून सगळ्यांसमोर एकमेकांकडे बघा, असं खुद्द आत्ये सांगत होती. वर्तमानपत्र थरथरलं. मी मान वर केली. तोही माझ्याकडेच बघत होता, मोठे कान टोकापर्यंत लाल झालेले. आत्ये जन्मभर जे बोलली ते सगळं खरं ठरलं, पण हे एक साफ चुकलं. इतका वेळ मला काहीसुद्धा झालं नव्हतं. त्याच्याकडे बघितलं, आणि तेव्हा कुठे घुंवळ आली.